आधी पाणी पाळा

न्यूट हा शेपटी असलेला उभयचर. बेडकाचा दूरचा भाऊबंद आणि सॅलॅमँडरच्या कुळातला. महाराष्ट्रात तो कुठेच नाही. सह्याद्रीत बेडूक आहेत, देवगांडुळं आहेत, पण शेपटीवाला उभयचर एकही नाही. युरोपात मात्र तो डबक्यांत आणि पाटांत राहतो, आणि काचेच्या टाकीत हौसेने पाळलाही जातो.

पुढचं बोलणं नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचं आहे. भाचा तिथे अभियंता. मावशी सांगलीची, महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, काही दिवसांसाठी त्याच्याकडे आलेली. भाच्याला आठ वर्षांच्या लेकीसाठी न्यूट आणायचे आहेत. मावशीच्या मते ते आणूच नयेत. मला दोघांचंही मनापासून पटतं, म्हणून दोघांनाही पुरतं बोलू दिलं आहे आणि राहवलं नाही तिथे मध्ये आपलं मत घातलं आहे.

भाचा : टाकी बघून ठेवली आहे, मावशी. ६० बाय ३० बाय ३० सेंटीमीटर, ५४ लिटरची. शनिवारी टाकी आणतो, रविवारी न्यूट. सोमवारी तिचा वाढदिवस आहे.

मावशी : आणि पुढच्या सोमवारी ते मेलेले सापडतील. तेव्हा तिला काय सांगशील?

भाचा : असं का बोलतेस? फिल्टर घेतोय, वाळू घेतोय, पाण्यातलं क्लोरीन काढायचं औषधसुद्धा घेतलंय.

मावशी : इथल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं का?

भाचा : नाही. खरं आहे, इथे पाणी क्लोरीनशिवायच पुरवतात. औषध घालायचं हे मी अमेरिकेतल्या पाळणाऱ्यांकडून वाचलं. तिकडे क्लोरीन असतं, काही शहरांत क्लोरामाइन.

मावशी : क्लोरीन बादली उघडी ठेवली की एका दिवसात उडून जातं, क्लोरामाइन जात नाही, तिथे औषध घालायलाच हवं. तुला इथे त्याची गरज नाही. दुसऱ्या गावचं पाणी डोक्यात ठेवून आपल्या घरची टाकी भरायची नसते. बरं, न्यूटच्या घाणीचं काय होतं, ते सांग.

भाचा : फिल्टर काढतो.

मावशी : फिल्टर डोळ्यांना दिसणारी घाण अडवतो. न दिसणारी घाण म्हणजे अमोनिया. तो मूत्रातून येतो, विष्ठेतून येतो, न खाल्लेलं गांडूळ कुजलं की त्यातून येतो. पाण्यात एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचा नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचा नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट बराच सौम्य. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की आटोक्यात राहतो. स्पंज फिल्टर हे या जिवाणूंचं घर आहे, पण तू विकत आणशील ते घर रिकामं असणार. आणि न्यूट कातडीतून पाणी घेतो, श्वाससुद्धा घेतो. पाण्यातलं विष आधी त्या कातडीला लागतं.

भाचा : घर भरायला किती दिवस लागतात?

मावशी : चार ते सहा आठवडे म्हणतात, पण ते उष्ण प्रदेशातल्या माशांच्या, २५-२६ अंशांच्या पाण्याचं गणित. तुझ्या न्यूटला पाणी १८ अंशांच्या आसपास हवं. गार पाण्यात हे जिवाणू सावकाश वाढतात. दोन महिने धर.

भाचा : मग रिकामी टाकीच आधी २५ अंशांवर ठेवली तर? त्यात प्राणी नाहीच. जिवाणू वाढले की हीटर काढून घेतो.

मावशी : हे चांगलं सुचलं. तसं कर. बाटलीतला शुद्ध, सुगंध नसलेला अमोनिया मिळाला तर लिटरला दोन मिलिग्रॅम होईल इतका घाल, नाही तर रोज माशांच्या खाद्याची चिमूट टाक. थेंबांचा टेस्ट किट आण. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट वहीत लिहीत जा. आज घातलेला अमोनिया उद्या याच वेळेला शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं सलग काही दिवस दिसलं की घर भरलं समजायचं. मात्र टाकी गार केल्यावर पुन्हा आठवडाभर मोज. गारव्यात त्यांचं काम मंदावतं.

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं की नव्याने न्यूट पाळणारे सगळ्यात जास्त इथेच चुकतात. दुकानातली नवी टाकी निव्वळ स्वच्छ असते, आणि आपण स्वच्छ म्हणजे सुरक्षित समजतो. पाणी नितळ दिसत असताना त्यात अमोनिया भरपूर असू शकतो. डोळ्यांवर विसंबू नये, किटवर विसंबावं.

भाचा : ऑफिसमधल्या एकाकडे न्यूट आहेत. त्याच्या चालत्या फिल्टरचा स्पंज माझ्या टाकीत पिळला तर दोन महिन्यांचं काम दोन आठवड्यांत होईल. तो द्यायला तयार आहे.

मावशी : न्यूटच्या टाकीतला स्पंज मुळीच नको. बुंडरबॉस ऐकलंस का?

भाचा : दक्षिणेला, लिम्बुर्गमध्ये. तासाभरावर जंगल आहे.

मावशी : तिथे फायर सॅलॅमँडर राहायचे. काळे कुळकुळीत, अंगावर पिवळे पट्टे. २०१० पासून ते मरायला लागले आणि कारण कोणाला कळेना. २०१३ मध्ये बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या आन मार्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधलं. बॅट्राकोकायट्रियम सॅलॅमँड्रिव्होरान्स नावाची बुरशी, थोडक्यात बीसॅल. कातडी खाते, व्रण पाडते. तोवर तिथले शंभरातले चारच सॅलॅमँडर उरले होते. पुढच्याच वर्षी त्याच संशोधकांनी दाखवलं की ही बुरशी मूळची आशियातली. तिकडचे न्यूट तिच्यासोबत राहायला सरावलेले आहेत, त्यांना फारसं काही होत नाही. युरोपात ती बहुधा पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आली. म्हणजे कोणाच्या तरी टाकीतून.

भाचा : हे मी वाचलं होतं, पण इतकं जवळचं आहे हे डोक्यात आलं नव्हतं.

मावशी : वरून धडधाकट दिसणाऱ्या न्यूटच्या अंगावर बुरशी असू शकते. स्पंजातून ती तुझ्या टाकीत येईल आणि तू बदललेलं पाणी मागच्या पाटात ओतलंस की पाटातल्या न्यूटपर्यंत जाईल. या देशात न्यूटच्या चार जाती जंगलात राहतात, चारही कायद्याने संरक्षित. तुझ्या हौसेची किंमत त्यांनी मोजायची? अमेरिकेने २०१६ मध्ये सॅलॅमँडरच्या २० प्रजातींच्या आयातीवर बंदी घातली, त्यात मिळून २०१ जाती आल्या. युरोपीय संघाने २०१८ मध्ये आरोग्य तपासणीचे आणि विलगीकरणाचे नियम केले. मला विचारशील तर पाळणंच बंद करावं.

भाचा : इथे माझं जमत नाही, मावशी. तू म्हणतेस तो धोका जंगलातून पकडून आणलेल्या, गठ्ठ्याने विकलेल्या प्राण्यांचा होता. इथे पाळणाऱ्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या जन्मलेले न्यूट मिळतात, सॅलॅमँडर पाळणाऱ्यांची संघटनाही आहे. कातडीवरून कापसाचा बोळा फिरवून बीसॅलची चाचणी करता येते. तसा न्यूट घेतला तर जंगलातला एकही कमी होत नाही.

मावशी : आणि तो काचेत कशासाठी राहील? तुझ्या लेकीची करमणूक म्हणून?

भाचा : तुझ्या प्रयोगशाळेत मी लहानपणी दार्जिलिंगचा न्यूट बघितला होता, टायलोटोट्रायटन. फॉर्मॅलिनमध्ये पांढुरका पडलेला, बरणीवर चिठ्ठी. तुझ्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं तोच बघितला. मला माझ्या लेकीला तसा दाखवायचा नाही. न्यूटची मादी मागच्या पायांनी पान दुमडून एकेक अंडं त्यात गुंडाळून ठेवते. कात टाकली की न्यूट ती खाऊन टाकतो. डोळ्यातलं भिंग काढलं तर नवं येतं. जपानमध्ये काही न्यूटांचं भिंग १६ वर्षांत १८ वेळा काढलं आणि अठराव्यांदाही ते नव्यासारखं आलं. हे सगळं करणारा प्राणी घरात असेल, तर ती बघायला शिकेल.

मावशी : वसंतात बॅटरी घेऊन तळ्याकाठी जा. रात्री न्यूट दिसतात.

भाचा : दिसतात, पाच मिनिटं. आम्ही गेलो होतो. तिने विचारलं, आता तो काय करेल? आणि तो चिखलात गेला.

या वादात मी भाच्याच्या बाजूचा आहे. मावशीचं बुंडरबॉसबद्दलचं दुःख खरं आहे आणि तिचा स्पंजाबद्दलचा नकार शंभर टक्के बरोबर आहे. पण जो प्राणी कोणी जवळून पाहिलेला नाही, त्याच्यासाठी उभं राहायला माणसं मिळत नाहीत. दार्जिलिंगचा तोच न्यूट ज्या डबक्यांत अंडी घालतो ती बुजवली जातात, तेव्हा आपल्याकडे किती लोकांना त्याचं नाव ठाऊक असतं? टाकीत जन्मलेला, तपासलेला न्यूट नीट सांभाळला, तर त्याला मी कैद म्हणणार नाही. ‘नीट’ हा शब्द मात्र फार कडक आहे, आणि तो किती कडक ते मावशीने पुढे काढलं.

मावशी : बरं. टाकी ठेवणार कुठे?

भाचा : हॉलमध्ये, खिडकीजवळ. तिसऱ्या मजल्यावर उजेड चांगला येतो.

मावशी : तिसऱ्या मजल्यावर एसी नाही, आणि खिडकी पश्चिमेची. २०१९ च्या जुलैमध्ये काय झालं होतं?

भाचा : २५ जुलैला गिल्झे-रायनला ४०.७ अंश. या देशाचा विक्रम आहे तो. आम्ही ओल्या चादरी लावून झोपलो होतो.

मावशी : तू आणणार आहेस त्या जपानी फायर बेली न्यूटला १५ ते २० अंश मानवतात. २४ च्या वर गेलं की तो खाणं सोडतो, पाण्याबाहेर यायला धडपडतो, आजारी पडतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि बुरशा, जंतू जास्त. तुझ्या हॉलमध्ये ३० अंश झाले तर ५४ लिटर पाणी एक-दोन दिवसांत तिथेच पोचेल. तुम्ही माणसं बाहेर जाऊन बसाल, तो कुठे जाईल?

भाचा : बर्फाच्या बाटल्या टाकेन.

मावशी : एका तासात पाच अंश खाली, रात्रीतून पुन्हा वर. असा झोका त्याला उन्हाइतकाच वाईट. एखाद्या दिवशी नड म्हणून ठीक. पाण्यावर छोटा पंखा लावलास तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. झाकणाला जाळी हवी आणि आटलेलं पाणी रोज भरावं लागेल. पाणी गार करणारं चिलर घेतलंस तर काही शे युरो, विजेचं बिल आणि त्याने खोलीत सोडलेली उष्णता. मुळात जागाच गार निवडायची. तळमजल्यावर तुमची सायकली ठेवायची खोली आहे ना?

भाचा : आहे, उत्तरेच्या बाजूला. पण तिथे लेक जाऊन बसणार कशी?

मावशी : स्टूल घेऊन. न्यूटला हॉलची हौस नाही.

भाचा : आणि सगळ्यात अवघड म्हणजे, शाळेला सुट्टी जुलै-ऑगस्टमध्येच असते. आम्ही तेव्हाच भारतात येतो.

मावशी : आता तू खरं बोललास. मोठा न्यूट आठवडाभर उपाशी राहिला तरी चालतं. पण उन्हाळ्यात टाकी आठवडाभर एकटी राहिलेली चालत नाही. पंप बंद पडला, पाणी तापलं, तर बघायला कोण आहे? शेजाऱ्याला नुसती किल्ली देऊन भागणार नाही, थर्मामीटर कसा वाचायचा आणि किती आकडा झाला की काय करायचं, हे लिहून द्यावं लागेल.

भाचा : मग रिबड न्यूट घेऊ का? स्पेनचा. तो उष्णता जास्त सोसतो म्हणतात.

मावशी : सोसतो, पण वीतभर किंवा त्याहून मोठा होतो. दोघांना १०० लिटरची टाकी लागेल. आणि सोसतो म्हणजे आवडतं असं नाही. तू जपानीच घे, बोटाएवढा असतो, ५४ लिटरमध्ये दोन सुखाने राहतील. पूर्ण वाढलेले, पाण्यातच राहणारे घे. पिल्लं घेऊ नकोस. ती बराच काळ जमिनीवर राहतात आणि त्यांना हलणारं बारीक भक्ष्य लागतं. नवख्याचं काम नाही.

भाचा : टाकीत आणखी काय?

मावशी : बारीक वाळू, नाही तर रिकामा तळ. गिळता येतील असे खडे अजिबात नकोत. खाताना पोटात जातात आणि आतडं बंद पडतं. झाडं भरपूर: जावा मॉस, हॉर्नवर्ट, एलोडिया. अंडी त्यांनाच गुंडाळतील. फिल्टर हवेच्या पंपावर चालणारा स्पंजाचा, कारण जोराचा प्रवाह त्यांना नको असतो. पाण्यावर तरंगणारा बुचाच्या सालीचा तुकडा, वर येऊन बसायला. मासे सोबत ठेवायचे नाहीत. पाणी काठापासून चांगलं खाली ठेव आणि झाकण घट्ट बसव, वायरीच्या फटीतसुद्धा स्पंज कोंब. ओली काच न्यूट सरळ चढतो. बाहेर पडला की कपाटामागे वाळून सापडतो.

भाचा : आणि खायला गांडूळ.

मावशी : औषध न मारलेल्या मातीतलं, तुकडे करून, आठवड्यातून दोन-तीनदा. अधूनमधून गोठवलेले ब्लडवर्म. उरलेलं लगेच काढायचं. आणि लेकीला आधीच सांग की हातात घ्यायचा नाही. त्याच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असतं, फुगू माशातलं तेच विष. बघून काही होत नाही, पण टाकीत हात घातला की साबणाने धुवायचा, त्याआधी तोंडाला-डोळ्याला लावायचा नाही. तसंही आपल्या हाताची ऊब त्याला सोसत नाही.

भाचा : म्हणजे हातात न घेता सांभाळायचा प्राणी.

मावशी : हो. आणि १५-२० वर्षं. लेक नोकरीला लागेल तेव्हाही तो असेल. दोन वर्षांनी कंपनीने तुला पुण्याला परत पाठवलं तर? पुण्याच्या एप्रिलमध्ये १८ अंशांचं पाणी कुठून आणशील?

भाचा : न्यायचेच नाहीत. इथेच, संघटनेतल्या माहीतगार माणसाला देईन.

मावशी : ते आत्ताच ठरव. आत्ताच त्या माणसाशी बोलून ठेव. जायच्या आदल्या रात्री माणसं प्राणी पाटात सोडून देतात आणि मनाशी म्हणतात की मोकळं केलं.

भाचा : तसं कधीच करणार नाही.

मावशी : बदललेलं पाणीही पाटात किंवा बागेत नाही. संडासात. जाळ्या, बादल्या या टाकीच्या वेगळ्या. नवा न्यूट आला तर आधी दोन महिने वेगळ्या डब्यात.

भाचा : मावशी, तू तर पाळू नको म्हणत होतीस.

मावशी : अजूनही म्हणते. पण तू पाळणारच असशील तर मी गप्प बसून प्राणी मरू देणार नाही.

सोमवारी लेकीला टाकी मिळाली, पण न्यूट नसलेली. सोबत थर्मामीटर, टेस्ट किट आणि एक वही. टाकी तळमजल्यावरच्या खोलीत ठेवायची, मुलीने रोज तापमान लिहायचं, बापाने दोन दिवसांआड अमोनिया मोजायचा, असं ठरलं. मावशीने पाळण्याच्या विरोधातलं आपलं मत मागे घेतलेलं नाही, आणि भाच्यानेही न्यूट आणायचा बेत सोडलेला नाही. दोघांत एकच अट मंजूर झाली, ती मला या सगळ्या बोलण्यातली सर्वांत मोलाची वाटते. हीटर काढल्यावर ही टाकी येत्या उन्हाळ्यातून न्यूटशिवाय न्यायची. पूर्ण जुलै-ऑगस्टमध्ये पाणी २२ अंशांच्या वर गेलं नाही, सुट्टीच्या दिवसांत शेजाऱ्याने नोंद ठेवली आणि अमोनिया, नायट्राइट शून्यावर राहिले, तर सप्टेंबरमध्ये तपासलेले दोन न्यूट आणायचे. पारा वर गेला तर त्याच टाकीत, हीटर लावून, उष्ण पाण्यातले छोटे मासे ठेवायचे. तेही सुंदर असतात आणि त्यांना ती ऊब मानवते.

परदेशात, गार हवेच्या गावात राहणाऱ्या ज्या मराठी घरांना हा प्राणी खुणावत असेल, त्यांनी हीच अट स्वतःला घालावी. महाराष्ट्रातल्या वाचकांना मात्र माझं सांगणं वेगळं आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात घरातलं पाणी ३० अंशांकडे जातं, त्यात न्यूट जगत नाही. भारतातला, हिमालयाच्या पूर्वेकडचा न्यूट वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्याची संपूर्ण प्रजाती २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तो कोणी विकायला आणला तर घेऊ नका, वन विभागाला कळवा.